नव्या ताऱ्याची जुनी नोंद



आपल्या समाजाच्या शैक्षणिक सभा-संमेलनांत पूर्वजांच्या इल्मचा उल्लेख हटकून होतो. अल्-ख्वारिज्मी, इब्न सीना, अल्-बिरूनी ही नावे वक्ता घेतो आणि सभागृहात टाळ्या पडतात. हा अभिमान रास्तच आहे. परंतु टाळ्या थांबल्यावर नववीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने उठून विचारले की, ‘सर, त्यांनी नेमके काय केले आणि आज त्याचा कोणाला काय उपयोग झाला?’, तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर एका विषयापुरते देण्याचा प्रयत्न केला आहे. विषय आहे ताऱ्यांच्या स्फोटांचा.

रात्रीच्या आकाशातील तारे पिढ्यान्‌पिढ्या तसेच दिसतात. आजोबांनी दाखविलेले सप्तर्षी नातवालाही त्याच आकृतीत सापडतात. परंतु क्वचित एखादा तारा अकस्मात फुटतो आणि काही आठवडे इतका तेजाळतो की, अब्जावधी ताऱ्यांच्या संपूर्ण दीर्घिकेशी त्या एकट्याची बरोबरी व्हावी. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे अफाट नगर. आपली आकाशगंगा हे असेच एक नगर, आणि अशी नगरे विश्वात असंख्य आहेत. दूरच्या दीर्घिकांत असे स्फोट सतत होत असतात. ते का होतात, कोणत्या ताऱ्यांचे होतात, याचा शोध घ्यायला माणसाला जवळजवळ हजार वर्षे लागली, आणि तो शोध अद्याप संपलेला नाही. या शोधाचा पहिला धागा कैरोजवळच्या एका नानबाईच्या घरी सापडतो.

नानबाईचा मुलगा

अली इब्न रिदवान याचा जन्म इ. स. ९८८ च्या सुमारास नाईलकाठच्या गीझा येथे झाला. बाप भट्टीवर रोट्या भाजणारा. घरची गरिबी अशी की, उस्तादाची फी देऊन शिकणे शक्य नव्हते. मुलाने ग्रंथ मिळवून स्वतःच अभ्यास केला आणि लोकांना नजूम, म्हणजे फलज्योतिष सांगून पोटाची सोय केली. पुढे हाच मुलगा इजिप्तमधील हकीमांचा प्रमुख झाला.

त्याचे शिक्षण नुकतेच सुरू झाले होते, वय सतरा-अठरा वर्षांचे असेल, तेव्हा १००६ च्या एप्रिलअखेरीस दक्षिण आकाशात एक नवा तारा उगवला. हिजरी सन ३९६ होते. पुढे वृद्धापकाळाकडे झुकताना टॉलेमीच्या फलज्योतिषावरील ग्रंथाची टीका लिहिताना अलीने त्या ताऱ्याचे वर्णन नोंदवून ठेवले. तारा गोल दिसत होता, शुक्राच्या अडीच ते तीन पट मोठा वाटत होता, फार लुकलुकत होता आणि त्याचा उजेड चंद्राच्या उजेडाच्या पाव हिश्श्याहून थोडा अधिक होता. तो वृश्चिक राशीच्या पंधराव्या अंशात होता. त्या वेळी सूर्य वृषभ राशीच्या पंधराव्या अंशात, म्हणजे बरोबर समोर होता. एवढ्यावर न थांबता अलीने चंद्र आणि सर्व ग्रह त्या दिवशी कोठे होते, तेही अंशांसह लिहिले.

त्याच ताऱ्याची नोंद इतरांनीही केली. इराकच्या किब्ल्याच्या डाव्या बाजूला शाबानच्या आरंभी शुक्रासारखा मोठा तारा दिसला, त्याचे किरण चंद्रकिरणांप्रमाणे जमिनीवर पडत आणि जिल्कादच्या मध्यापर्यंत तो टिकला, असे इतिहासकार इब्न अल्-असीर सांगतो. चीन व जपानमधील दरबारी ज्योतिषांनी त्याची टिपणे ठेवली. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेनच्या मठात ख्रिस्ती साधूंनी त्याला दक्षिणेकडे अगदी क्षितिजालगत पाहिले. माणसाने लेखी नोंद ठेवलेल्या ताऱ्यांपैकी हा सर्वांत तेजस्वी.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा तारा का उगवला, हे अलीला ठाऊक नव्हते. त्याने त्याचा संबंध दुष्काळ आणि युद्धे यांच्याशी जोडला. हा अर्थ चुकीचा होता आणि आज त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु अर्थ चुकीचा असला तरी नोंद खरी होती. जे डोळ्यांनी दिसले ते त्याने अंशांत मांडले आणि आपल्या भविष्यकथनासाठी त्यात फेरफार केला नाही.

त्या प्रामाणिकपणाचे फळ साडेनऊशे वर्षांनी मिळाले. १९६५ साली बर्नार्ड गोल्डस्टीन या अभ्यासकाने अरबी नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. अलीने दिलेल्या ग्रहस्थितीवरून गणित मांडले असता दिवस निघाला ३० एप्रिल १००६. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील रेडिओ दुर्बिणीच्या साहाय्याने गार्डनर व मिल्न यांनी, जुन्या नोंदी ज्या भागाकडे बोट दाखवीत होत्या तेथेच, वृक तारकासमूहात, स्फोटाचा पसरत गेलेला अवशेष ओळखला. तो आपल्यापासून सुमारे ७,००० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे नानबाईच्या मुलाने ज्याचा उजेड पाहिला तो स्फोट, त्याच्या जन्मापूर्वी हजारो वर्षे होऊन गेलेला होता.

दोन वैऱ्यांचे दोन तारे

अली इब्न रिदवान हा स्वभावाने मोठा भांडखोर होता. १०४९ साली बगदादहून इब्न बुतलान नावाचा ख्रिस्ती हकीम कैरोत आला आणि दोघांत वाद पेटला. वादाचा आरंभ झाला तो कोंबडीचे पिल्लू अधिक उष्ण प्रकृतीचे की इतर पक्ष्याचे, या प्रश्नावरून. तेथून तो एकमेकांच्या विद्वत्तेवर आणि अखेर एकमेकांच्या रूपावरही घसरला. पण या वादात एक मुद्दा आपल्या शिक्षणसंस्थेच्या जिव्हाळ्याचा होता. ग्रंथ वाचून मिळविलेली विद्या श्रेष्ठ की उस्तादाकडून मिळविलेली? स्वतः शिकलेला अली ग्रंथांची बाजू घेई. गुरुमुखातून आलेल्या विद्येला दुसरी जोड नाही, असे इब्न बुतलानचे म्हणणे होते.

हाच इब्न बुतलान पुढे कॉन्स्टँटिनोपलला गेला. तेथे मोठी साथ आली. हिजरी ४४६ सालच्या त्या साथीबद्दल लिहिताना, मिथुन राशीत एक नवा तारा उगवला होता, असे त्याने नमूद केले. त्यानेही साथीचे खापर ताऱ्यावर फोडले, हे खरे. परंतु हा तारा म्हणजे चिनी ज्योतिषांनी ४ जुलै १०५४ रोजी पाहिलेला प्रसिद्ध नवा तारा होय, असे १९७८ साली अभ्यासकांनी दाखवून दिले. त्याचा अवशेष म्हणजे वृषभ राशीतील खेकड्याच्या आकाराचा तेजोमेघ. इब्न बुतलानचे हे टिपण आपल्यापर्यंत पोहोचले, कारण त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी दमास्कसच्या इब्न अबी उसैबिआ या हकीमाने हकीमांची चरित्रे लिहिताना ते उतरवून घेतले. पाहणारा एक, जपणारा दुसरा आणि उलगडा करणारा तिसराच, असा हा व्यवहार आहे.

दोन वैरी, एक मुसलमान, एक ख्रिस्ती, एक ग्रंथांचा भक्त, दुसरा उस्तादांचा. दोघांनी एकेक स्फोट नोंदविला. आज खगोलशास्त्राला दोघांचीही गरज पडते.

देवयानीचा छोटा ढग

यानंतर १५७२ साली शर्मिष्ठा समूहात आणि १६०४ साली भुजंगधारी समूहात नवे तारे दिसले. पहिल्याचा अभ्यास डेन्मार्कच्या टायको ब्राहेने केला, दुसऱ्याचा केप्लरने. हा तारा चंद्रापेक्षा कितीतरी दूर आहे, म्हणजे तारेदेखील बदलतात, हे टायकोने मोजमापाने सिद्ध केले. १६०९ साली गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळविली. आणि दैवाची गंमत अशी की, तेव्हापासून आजतागायत आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांना ठळक दिसेल असा एकही तारास्फोट झालेला नाही. आपल्यासारख्या दीर्घिकेत शंभर वर्षांत सरासरी एक-दोन स्फोट होतात, आणि त्यांतले बरेचसे धुळीच्या पडद्याआड लपतात. एका गावात घटना क्वचित घडत असेल तर तिचा अभ्यास करणाऱ्याने हजार गावे पाहावीत. शास्त्रज्ञांना दूरच्या दीर्घिकांकडे वळावे लागले ते याचसाठी.

त्या दिशेचा पहिला खुणेचा दगडही एका मुसलमान ज्योतिर्विदाने रोवलेला आहे. अब्द अल्-रहमान अल्-सूफी (९०३–९८६) याने ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर आपला ग्रंथ लिहिला. देवयानी तारकासमूहाजवळ, अरबांच्या कल्पनेतील मोठ्या माशाच्या तोंडापाशी, एक ढगासारखा डाग दिसतो, असे त्याने त्यात नोंदविले. तारा स्पष्ट ठिपक्यासारखा दिसतो आणि हा डाग तसा दिसत नाही, एवढेच त्याला सांगता आले. पण तो डाग म्हणजे आपल्या शेजारची दीर्घिका होती. आज तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात.

२० ऑगस्ट १८८५ रोजी एस्टोनियातील तार्तू येथील वेधशाळेत अर्न्स्ट हार्टविग यांनी याच डागाच्या मध्याजवळ एक नवा तारा पाहिला. तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या उंबरठ्यापर्यंत तेजाळला आणि काही महिन्यांत मावळला. या ताऱ्याने विद्वानांची मोठी दिशाभूल केली. देवयानीचा डाग ही दुसरी दीर्घिका असेल, तर इतक्या अंतरावरून दिसणारा एकच तारा कोट्यवधी सूर्यांइतका तेजस्वी असला पाहिजे. असे कसे शक्य आहे? तेव्हा तो डाग जवळचाच असावा, असा तर्क झाला. १९२० साली अमेरिकेत हार्लो शॅपली आणि हेबर कर्टिस यांच्यात विश्वाच्या विस्तारावर वाद झाला, त्यातही शॅपलींच्या बाजूने हा मुद्दा आला.

१९२३ साली एडविन हबल यांना देवयानीच्या डागात नियमाने तेज बदलणारा तारा सापडला. अशा ताऱ्यावरून अंतर काढता येते. अंतर प्रचंड निघाले आणि डाग ही खरोखरच दुसरी दीर्घिका ठरली. मग १८८५ च्या ताऱ्याचे तेजही खरे मानणे भाग पडले. ‘असे शक्य नाही’ म्हणून ज्या नोंदीकडे संशयाने पाहिले गेले, तीच बरोबर होती. १९८९ साली, ताऱ्याची जुनी जागा हाताशी धरून, रॉबर्ट फेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या स्फोटाचा अवशेष शोधला. देवयानीच्या तेजस्वी मध्यावर तो लोखंडाच्या वाफेच्या एका लहानशा काळ्या ठिपक्यासारखा दिसला.

तारा फुटतो कसा?

१९३४ साली वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी अशा प्रचंड स्फोटांना साध्या नवताऱ्यांपासून वेगळे काढले. आज जगभर रूढ असलेले ‘सुपरनोव्हा’ हे नाव त्यांनीच प्रचारात आणले. न्यूट्रॉन हा कण सापडून अवघी दोन वर्षे झाली होती. तरीही, मोठा तारा स्वतःच्या भाराने कोसळून न्यूट्रॉनांचा घट्ट गोळा बनत असावा आणि त्या कोसळण्यातून स्फोटाची शक्ती मिळत असावी, असे त्यांनी सुचविले. पुढे पालोमार येथे १८ इंची दुर्बीण बसवून झ्विकी वर्षानुवर्षे त्याच त्या दीर्घिकांची छायाचित्रे घेत राहिले. काल नसलेला ठिपका आज दिसतो का, एवढेच पाहायचे. या कंटाळवाण्या कामातून त्यांनी आयुष्यात शंभराहून अधिक स्फोट शोधले.

त्याच काळात एक भारतीय तरुण दुसऱ्या बाजूने याच प्रश्नाकडे येत होता. लाहोरला जन्मलेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर १९३० च्या जुलैअखेरीस मुंबईहून बोटीने विलायतेस निघाले. वय १९ वर्षे. त्या प्रवासात त्यांनी गणित मांडले की, इंधन संपलेला, आकसलेला तारा, ज्याला श्वेत बटू म्हणतात, तो सूर्याच्या सुमारे १.४ पट वजनापर्यंतच टिकू शकतो. वजन त्याहून वाढले तर तो स्वतःला सावरू शकत नाही. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या सभेत थोर शास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी या निष्कर्षाची उघड थट्टा केली. चंद्रशेखर यांनी आपला आकडा सोडला नाही आणि एडिंग्टन यांच्याविषयीचा आदरही सोडला नाही. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९४१ साली रूडॉल्फ मिंकोव्स्की यांनी वर्णपट तपासून दाखविले की, स्फोटांचे निदान दोन प्रकार आहेत. काहींच्या प्रकाशात हायड्रोजनची खूण असते, काहींच्या नसते. १९६० साली फ्रेड हॉईल आणि विल्यम फाउलर यांनी स्फोटाच्या दोन वाटा मांडल्या. पहिली वाट श्वेत बटूची. जोडीदार ताऱ्याकडून द्रव्य ओढून, किंवा दुसऱ्या श्वेत बटूशी मिसळून, त्याच्यातील कार्बन एकदम पेट घेतो आणि सगळा ताराच उधळला जातो. देवयानीतील १८८५ चा आणि अलीने पाहिलेला १००६ चा तारा या जातीचे होते. २०१२ साली १००६ च्या अवशेषाच्या मध्यभागी बचावलेला जोडीदार शोधण्यात आला. तो सापडला नाही, म्हणून तेथे दोन श्वेत बटू एकमेकांत मिसळले असावेत, असा कयास आहे.

दुसरी वाट सूर्याच्या आठ-दहा पटींहून अधिक वजनाच्या ताऱ्यांची. त्यांच्या गाभ्यात जळत जळत अखेर लोखंड तयार होते. लोखंडापासून आणखी ऊर्जा मिळत नाही. आधार गेला की गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो, त्याचा न्यूट्रॉन तारा बनतो आणि वरचे थर उडून जातात. इब्न बुतलानच्या ताऱ्याचे असेच झाले. १९६८ साली त्याच्या अवशेषात सेकंदाला ३० वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा सापडला आणि बाडे व झ्विकी यांचे अनुमान खरे ठरले.

न जुळणारा तारा

सिद्धान्त तयार होता, पुरावा २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मिळाला. सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या मोठ्या मॅजेलन मेघात, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या एका लहानशा शेजारणीत, तारा फुटला. प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी जपान, अमेरिका आणि सोव्हिएत रशियातील तीन भूमिगत यंत्रांनी मिळून न्यूट्रिनो नावाचे दोन डझन कण टिपले. स्फोटाची नव्व्याण्णव टक्के ऊर्जा हे अदृश्य कणच घेऊन जातात, असे गणित सांगत होते. दोन डझन कणांनी ते शाबीत केले.

परंतु एक गोष्ट जुळेना. फुटलेला तारा आधीपासूनच ताऱ्यांच्या एका यादीत नोंदलेला होता. त्यामुळे प्रथमच स्फोटापूर्वीचा तारा ओळखता आला. पुस्तकांप्रमाणे तो तांबडा महाकाय तारा हवा होता, निघाला निळा. यादी खोटी ठरविणे सोपे होते. शास्त्रज्ञांनी यादी कायम ठेवली आणि आपले पुस्तक दुरुस्त केले. या ताऱ्याच्या गाभ्यात न्यूट्रॉन तारा राहिला असल्याचा भक्कम पुरावा पुढे २०२४ साली वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून मिळाला. सदतीस वर्षे लोक पाहत होते.

श्वेत बटूंच्या स्फोटांचे तेज बरेचसे ठराविक असते. त्यामुळे दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजण्यास ते दिव्यासारखे उपयोगी पडतात. १९९८ साली अशा दिव्यांवरूनच विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचे आढळले आणि २०११ चे नोबेल पारितोषिक त्या शोधाला मिळाले.

गाय आणि नारायणगाव

तेव्हा कोडे सुटले असे वाचकांस वाटेल. तसे नाही.

१९६३ च्या करारानंतर चोरून अणुचाचण्या होतात का, यावर लक्ष ठेवण्यासाठी अमेरिकेने ‘व्हेला’ नावाचे उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला. तो बाँबचा नव्हता. नोंद बाजूला ठेवली गेली, पण फेकली गेली नाही. पुढे अशाच आणखी नोंदी जमल्या आणि १९७३ साली त्या प्रसिद्ध झाल्या. हे झोत कोठून येतात, यावर पंचवीस वर्षे वाद चालला. १९९७ साली ते अतिदूरच्या दीर्घिकांतून येतात हे निश्चित झाले. त्यांतले दीर्घ झोत बहुधा कोसळणाऱ्या महाकाय ताऱ्यांचे असतात. आखूड झोत दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून येऊ शकतात, हे १७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वलहरींनी प्रत्यक्ष दाखविले.

आणि १६ जून २०१८ रोजी हवाई बेटांवरील दुर्बिणींनी शौरी तारकासमूहात सुमारे २० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका लहान दीर्घिकेत वेगळाच स्फोट टिपला. क्रमवार मिळणाऱ्या नावातील शेवटची तीन अक्षरे इंग्रजीत योगायोगाने ‘काऊ’ अशी आली, म्हणून शास्त्रज्ञ त्याला ‘गाय’च म्हणू लागले. नेहमीच्या स्फोटाला परमतेज गाठण्यास दोन-तीन आठवडे लागतात, गायीने ते दोन-तीन दिवसांत गाठले. तेजही नेहमीच्या स्फोटाच्या कितीतरी पट. प्रकाश निळा, अतितप्त. क्ष-किरण कमी-जास्त होत राहिले. ते दर ४.४ सहस्रांश सेकंदाला स्पंदन पावतात, असे २०२१ साली जाहीर झाले. एवढ्या जलद स्पंदनाच्या मुळाशी अगदी लहान आणि अतिशय जड वस्तू असली पाहिजे. ती नुकतेच जन्मलेले कृष्णविवर की न्यूट्रॉन तारा? की मध्यम आकाराच्या एखाद्या कृष्णविवराने शेजारचा तारा फाडून खाल्ला? मते अनेक आहेत, निकाल लागलेला नाही. २०२३ साली याच जातीचा एक स्फोट हबल दुर्बिणीला चक्क दोन दीर्घिकांच्या मधल्या ओसाड जागेत दिसला. महाकाय तारे अल्पायुषी असतात, ते जन्मस्थानापासून इतके दूर जातील कसे? कोडे आणखीच वाढले.

या कोड्याचा एक धागा आपल्या पुणे जिल्ह्यातूनही जातो. नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. ऊस आणि टोमॅटोच्या शेतांमधून त्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्या कित्येकांनी पाहिल्या असतील. या दुर्बिणीने गायीचा मागोवा स्फोटानंतरच्या ११ व्या दिवसापासून ५७० व्या दिवसापर्यंत घेतला. दृश्य प्रकाश केव्हाच मावळला होता, तरी रेडिओ लहरी येत होत्या. स्फोटापूर्वी त्या ताऱ्याने आपल्याभोवती किती द्रव्य सोडले होते, याचा अंदाज त्या लहरींवरून बांधता आला.

आपण काय घ्यावे?

वाचकहो, या हजार वर्षांच्या हकिकतीतून माझ्या मते एकच गोष्ट ठळकपणे पुढे येते. अली इब्न रिदवानचा सिद्धान्त टिकला नाही. शॅपलींचा तर्क टिकला नाही. १९८७ पूर्वीची पाठ्यपुस्तकेही जशीच्या तशी टिकली नाहीत. टिकल्या त्या प्रामाणिक नोंदी. नोंद खरी असेल तर तिचा अर्थ पुढची पिढी लावू शकते. नोंदच खोटी असेल, तर पुढच्या पिढीच्या हाती काहीच पडत नाही, उलट ती आडवाटेला लागते.

आता आपल्या शाळांकडे या कसोटीने पाहू या. विज्ञानाची प्रयोगवही आपल्याकडे कशी लिहिली जाते? वर्गातल्या एका हुशार मुलाची वही फिरते आणि बाकीचे ती रात्रीत उतरवून काढतात. लोलकाचा प्रयोग कोणी केलाच, तर आलेला आकडा खोडून पुस्तकातला लिहिला जातो, कारण गुण बरोबर उत्तराला मिळतात. शिक्षकांना हे ठाऊक असते, पालकांना ठाऊक असते, आणि यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटत नाही. या एका सवयीने आपण मुलाच्या हातून काय काढून घेतो, याचा विचार व्हावा. ‘तुला काय दिसले याला किंमत नाही, काय दिसायला हवे होते तेवढेच लिही,’ असे आपण त्याला दहा वर्षे शिकवितो. हे शिक्षण घेतलेला मुलगा १९८७ चा निळा तारा तांबडा लिहून मोकळा होईल.

पूर्वजांचा वारसा सांगायचा तर तो येथून सांगावा. फी देण्याची ऐपत नसलेला एक मुलगा आकाशात अनोळखी तारा पाहतो, त्याचा अंश लिहितो, ग्रह लिहितो. ती नोंद ही त्याची अमानत होती. कोणीतरी ती उतरवून घेतली, कोणीतरी ती जपली, आणि पार्क्सच्या दुर्बिणीला अवशेष सापडला तेव्हा तिचा दिवस ठरवायला तीच कामी आली. यापेक्षा मोठा गौरव टाळ्यांनी होणार नाही.

संस्थेच्या चालकांना आणि शिक्षकांना म्हणूनच एक विनंती आहे. येत्या वर्षी प्रयोगवहीत पुस्तकाशी न जुळणारा आकडा ज्याने निर्भयपणे लिहिला आणि तो का जुळला नाही याचा विचार केला, त्या मुलाला वा मुलीला पूर्ण गुण द्यावेत. नारायणगावची सहल काढावी. ग्रंथ आणि उस्ताद हा वाद इब्न रिदवान आणि इब्न बुतलान यांच्यावर सोडून द्यावा, आपल्या मुलांना दोन्ही हवेत. चिलीमधील व्हेरा रूबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. संपूर्ण दक्षिण आकाश दर काही रात्रींनी पुन्हा पुन्हा टिपायचे, असा तिचा दहा वर्षांचा बेत आहे. आकाशात काय बदलले, याच्या सूचना तेथून जगभर खुल्या जाणार आहेत. त्या वाचायला फी लागत नाही. गायीसारखी कोडी त्यांत पुष्कळ असतील, आणि त्यांची उत्तरे अजून कोणत्याही पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेली नाहीत.